हळदीचा रिपोर्ट

ऐप्पसी हा तमिळ महिना लागला की माझ्या लॅबच्या पायऱ्यांवर चपलांना जागा उरत नाही. तिकडे महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पाऊस गाशा गुंडाळतो, आणि आमच्या कुंभकोणमला तो तेव्हा कुठे बिऱ्हाड मांडतो. कावेरी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागते, दारासुरमच्या विणकरांना रस्त्यात ताणा लावता येत नाही, आणि घरटी एक माणूस तापानं फणफणून माझ्या बाकड्यावर येऊन बसतं. रक्ताच्या नळ्या, लघवीच्या बाटल्या, आणि पांढऱ्या झाकणाच्या त्या चिमुकल्या डब्या. दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि कागदावर लिहून द्यायचं, हा माझा धंदा. गेली सव्वीस वर्षं मी तो करते आहे.

डबी हातात घेतली की मी आधी तिच्यावर लिहिलेली वेळ वाचते. तासापेक्षा जुनी असेल तर परत करते. माणसं चिडतात. परवा दारासुरमचे एक आजोबा टाउन बसमधून छत्री सावरत, डबी पिशवीत जपून घेऊन आले होते. मी म्हटलं, ‘ताता, ही पहाटेची आहे. उद्या ताजी आणा.’ ते पिशवीला पुन्हा गाठ मारून पावसात निघून गेले. माझ्या हाताखालची पद्मा तर तोंडावर म्हणते की अक्काला वेळेचं खूळ आहे. आहे खरं. नियम जुनाच, पण त्याचं खूळ कशामुळे झालं हे मी तिला सांगितलेलं नाही. एका माशामुळे झालं म्हटलं तर ती हसेल, आणि त्या बाबतीत तिचं हसणं मला सोसायचं नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या ऐप्पसीत आमच्या पुढच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी होती, आणि टाकीत समुद्र होता. तो माझ्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतः तयार केलेला होता. आप्पा शाळेत रसायनशास्त्र शिकवत असत. आमचं घराणं मराठे तंजावरला आले तेव्हा कधीतरी इकडे आलेलं आणि मग परत न गेलेलं. वैष्णव माणसं, कांदा-लसूण आजही उंबरा ओलांडत नाही. अशा घरात मासे, आणि तेही खाऱ्या पाण्यातले, म्हटल्यावर नातेवाइकांनी चेष्टा करून घेतली. ‘काय आप्पा, मोठे झाले म्हणजे यांचें काय करणार?’ असं विचारून ते एकमेकांकडे बघायचे.

पण त्या टाकीनं आप्पांना उठवून बसवलं होतं. आई गेल्यावर दोन वर्षं ते त्या खोलीत रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. हाक मारली तर ‘सरि’, म्हणजे बरं, एवढंच म्हणायचे, आणि तेवढ्यावर दिवस जायचा. त्यांचा जुना विद्यार्थी सेल्वम याचं तंजावरला माशांचं दुकान आहे. तो एकदा भेटायला आला, बराच वेळ त्यांच्या शेजारी बसून त्याच भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘सार, इथे एक टाकी छान दिसेल.’ महिन्याभरात टाकी आली. माशांच्या खाण्याला, म्हणजे बारीक केलेल्या कोळंबीला, ओसरीवर एक वेगळा छोटा फ्रिज आला. त्याच्या दारावर आप्पांनी आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली: ‘हा आपला नव्हे.’

पाणी तयार करणं हा त्यांचा सोहळाच होता. निळ्या पिंपात गाळलेलं पाणी, त्यात मापून समुद्री मीठ, मग लाकडी फळीनं ढवळणं. पंपानं हवा सोडून एक दिवस ते पाणी मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी खारेपणा मोजायचा काचेचा काटा त्यात तरंगत सोडून, कमरेवर हात ठेवून वाकून वाचायचं. ‘पंचवीस,’ असं ते मला स्वयंपाकघरात ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. म्हणजे पाणी बरोबर. आयुष्यभर मुलांना द्रावणं शिकवलेला माणूस. त्याचं एकही पिंप चोवीस किंवा सव्वीस निघालं नाही. ‘मासा मरो कीं जगो, माझें पाणी चुकायचें नाहीं,’ असं ते सेल्वमला फोनवर सांगायचे आणि हसायचे. आई गेल्यानंतर त्यांचं हसू मी पहिल्यांदा त्या पिंपाशी ऐकलं.

टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं एक जोडपं होतं आणि हळदी होती. हळदी मंडपमच्या समुद्रातून धरून आणलेली. बाजारात तिला फुलपाखरू मासा म्हणतात. तळहाताएवढी, पिवळीधमक, आणि डोळ्यावरून काजळाचा जाड पट्टा. ती आप्पांच्या बोटातून खायची. आप्पा खोलीत आले की काचेच्या ज्या बाजूला ते असतील त्या बाजूला ती असायची. एकादशीला आप्पा गोविंदपुरमला विठ्ठलाला जाऊन यायचे, दिवसभर काही खायचे नाहीत, आणि माशांनाही घालायचे नाहीत. हे त्यांनी सेल्वमला जरा भीतभीतच सांगितलं होतं. तो म्हणाला, पंधरवड्यातून एक उपास माशांना बराच. झालं. हळदी एकादशी करते, हे त्यानंतर अख्ख्या गल्लीला कळलं.

सेल्वमनं एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी बजावली होती. समुद्रातून धरलेल्या माशाच्या पोटात पाहुणे, म्हणजे बारीक किडे, असायचेच. ते गप्प बसलेले असतात तोवर ठीक. पण मासा खाऊनही वाळायला लागला, पोट आत गेलं, किंवा मागं पांढरा, दोऱ्यासारखा चिकट मळ लोंबायला लागला, तर लगेच कळवा. खाणं सुटायच्या आत औषध गेलं पाहिजे, कारण ते खाण्यातूनच देता येतं. आप्पांनी हे वहीत लिहून घेतलं. मी दारात चहाचे पेले घेऊन उभी होते, मीही ऐकलं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

इथे माझ्या शिक्षणाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. लॅबचं काम मी पुण्यात मावशीकडे राहून शिकले. तिथल्या मुली माझं मराठी ऐकून तोंडाला रुमाल लावायच्या. मी ‘येत्यें’, ‘जात्यें’ म्हणायचे, ‘काय म्हणून’ म्हणायचे, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द घरंगळायचा. एक जण म्हणाली, तू बखरीतून उठून आल्यासारखी बोलतेस. त्यांच्यामुळे मी आता लिहिते तसं लिहायला शिकले. पण खरं मराठी मला शिकवलं आमच्या लॅबच्या सरांनी. मी पहिल्याच रिपोर्टवर ‘जंत नाहीत’ असं लिहिलं होतं. सरांनी तो कागद माझ्यासमोर धरून विचारलं, ‘नाहीत? तुम्ही त्यांच्या आतड्यात जाऊन आलात?’ मग लाल पेननं खोडून वर लिहिलं: ‘आढळले नाहीत.’ म्हणाले, ‘आपल्याला फक्त एवढंच म्हणायचा अधिकार आहे. एका थेंबात दिसलं नाही. तीन दिवस तीन नमुने बघा, तेही ताजे. या हलणाऱ्या जीवांचं असं असतं की नमुना गार झाला, तास उलटला, की ते हलायचे थांबतात, आणि थांबले की कचऱ्यातून ओळखू येत नाहीत.’ सव्वीस वर्षांत मी एकाही रिपोर्टवर नुसतं ‘नाही’ लिहिलेलं नाही.

आमच्या घरात मात्र ‘कांहीं नाहीं’ हा वेगळाच शब्द आहे. मूल पडलं की त्याचा गुडघा फुंकत म्हणतात, ‘कांहीं नाहीं, कांहीं नाहीं.’ सांबार करपलं की ‘कांहीं नाहीं.’ आई शेवटी इस्पितळात होती, नाकात नळी होती, तेव्हा तीही माझा हात चाचपून तेच म्हणाली होती. त्याचा अर्थ काही घडलं नाही असा नसतो. मी आहे, तू रडू नकोस, असा असतो. तमिळ शेजारणी ‘परवायिल्लै’ म्हणतात, तसलंच काहीसं. आमच्यात जो तो हे दोन शब्द पदरात बांधूनच वाढतो, आणि समोरच्यानं चेहरा पाडला की सोडून देतो.

त्या ऐप्पसीत डेंगी होता. सकाळी सहापासूनच माणसं शटरबाहेर उभी. प्लेटलेट मोजून मोजून माझे डोळे चुरचुरायचे. अशात एक दिवस आप्पा मला टाकीजवळ घेऊन गेले. म्हणाले, ‘रमे, हळदीची पाठ बघ. पातळ झाली कीं नाहीं?’ मी पर्स खांद्याला लावत म्हटलं, ‘खात्ये ना?’ ‘खात्ये चांगली. तरी पोट आंत गेलें. आणि काल मागें पांढरें सूत लोंबत होतें.’ मी वाकून बघितलं. समोरून बघितल्यावर हळदी खरंच जरा चपटी वाटत होती. पोटाच्या जागी खळगा होता. मी म्हटलं, नमुना काढून ठेवा, बघत्यें.

दुसऱ्या दिवशी मी निघताना आप्पा दारात डबी घेऊन उभे होते. पांढरं सूत त्यांनी पाण्यात सुटल्यासुटल्या नळीनं ओढून घेतलं होतं. डबीवर चिठ्ठी होती; तिच्यावर नाव ‘हळदी’, वय ‘अज्ञात’, आणि वेळ ‘७.१०’. माझ्या बाकड्यावरच्या डब्या बघून बघून ते शिकले होते. ‘तुज सवड होईल तेव्हां,’ ते म्हणाले. मी डबी पर्समध्ये टाकली. पावणेआठला लॅबमध्ये पोचल्याबरोबर ती बघितली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पाच मिनिटांचं काम होतं. पण बाकडं भरलेलं होतं, एका बाळंतिणीचे प्लेटलेट पडत चालले होते, आणि मी मनाशी म्हटलं, माशाचं काय, बघू नंतर.

ते ‘नंतर’ दुपारी पावणेतीनला आलं. पर्समधून रुमाल काढताना डबी हाताला लागली. मी काचपट्टीवर थेंब घेतला, भिंगाखाली धरला, उभ्याउभ्या दोन ठिकाणी बघितलं. चिकट द्रव, खाण्याचे कण, थोडा कचरा. काही हलत नव्हतं. काचपट्टी फिनाइलच्या डब्यात टाकली. वेळ वाचली नाही. वाचायची गरज नव्हती. ती डबी किती वाजता माझ्या हातात आली हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाची असती तर मी ती परत केली असती.

घरी आले तर आप्पा टाकीशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसासारखा झाला होता. आणि मी, सव्वीस वर्षांत कागदावर जे कधी लिहिलं नाही, ते चपला काढता काढता म्हणून टाकलं: ‘कांहीं नाहीं, आप्पा.’

मी ते घरातलं ‘कांहीं नाहीं’ म्हटलं होतं. त्यांनी लॅबमधलं ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि ते मला इतकं बरं वाटलं की पुढचं वाक्य, नमुना शिळा होता, उद्या पुन्हा बघू, हे मी गिळलं. हातपाय धुवायला आत गेले.

त्यावर आप्पांनी पुढचा हिशेब अगदी शास्त्रशुद्ध केला. किडे नाहीत म्हणजे औषध नको. मग पोट बिघडलेलं असणार. आणि पोट बिघडलं की आमच्या घरात शंभर वर्षं एकच उपाय चालत आला आहे: लंघन. तापाला लंघन, जुलाबाला लंघन, रागालासुद्धा लंघन. त्यांनी हळदीला तीन दिवस उपाशी ठेवलं. ती काचेशी येऊन तोंड उघडमीट करायची, आणि ते तिला समजावायचे, ‘उगी रहा. तुझ्या बऱ्याकरितांच आहे.’ मी हे जाता-येता ऐकत होते. मला हसू यायचं. एकदा मी पद्माला लॅबमध्ये सांगितलंसुद्धा, आमच्या घरी मासा लंघन करतोय म्हणून.

चौथ्या दिवशी त्यांनी कोळंबीचा कण धरला तर ती आली, हुंगल्यासारखं केलं आणि वळून गेली. पाचव्या दिवशी आलीच नाही. आप्पांनी सेल्वमला फोन लावून माझ्या हातात दिला. आमच्या गावात रस्त्यात कुणीही भेटलं तर नमस्काराच्या जागी विचारतात, ‘साप्पिटाच्चा?’ जेवलात का? सेल्वमनं सगळं ऐकून घेतलं आणि जवळजवळ तेच विचारलं. ‘अक्का, साप्पिडुदा?’ खातेय का? मी म्हटलं, इल्लै, नाही. मग तो म्हणाला, ‘खात होती तेव्हा का नाही कळवलं?’ मी आप्पांकडे पाठ करून उभी होते. ‘औषध कोणतं,’ एवढंच मी विचारून घेतलं.

पुढचे चार दिवस आम्ही जे केलं ते आठवलं की अजून माझ्या हाताला वास येतो. सेल्वमनं सांगितलेलं औषध माझ्या लॅबच्या शेजारच्या दुकानात मिळत होतं. जुलाबाच्या माणसांना डॉक्टर लिहून देतात तीच गोळी. रोज ती माझ्या डोळ्यांसमोरून जाते. ती खलात कुटायची, बारीक कोळंबीत कालवायची, आणि सगळं धरून राहावं म्हणून चायना ग्रासमध्ये घट्ट करायचं. तो चायना ग्रास आमच्या गोडाच्या डब्यातला होता. आणि माशाला वासानं भूक लागावी म्हणून वरून लसणीचा रस. लसूण. आप्पांनी स्वतः बाजारातून दोन गड्डे आणले, ओसरीवर बसून सोलले, आणि मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली. सत्त्याहत्तर वर्षांत त्यांनी लसणीला हात लावलेला मला माहीत नाही. हळदीनं तो तुकडा बघितलासुद्धा नाही.

मग शेवटचा उपाय. खाऱ्या पाण्यातले मासे पाणी पितात, म्हणून औषध पाण्यात घालून थोडंफार पोटात जातं. खाण्यातून जातं तितकं नाही, पण काहीतरी. तिला वेगळ्या टबात ठेवलं. बाहेर धो धो पाऊस, दिवसातून चारदा वीज जायची. वीज गेली की पंप थांबायचा आणि आप्पा टबापाशी बसून पेल्यानं पाणी उचलून वरून ओतत राहायचे, हवा मिसळावी म्हणून. मी लॅबमध्ये असायचे. दुपारी एकदा डबा न्यायला आले तर ते तसेच बसलेले होते, पेला वर-खाली चाललेला, आणि ओठ हलत होते. मला वाटलं नाम घेतायत. जवळ गेले तर ते मोजत होते.

ऐप्पसी संपून कार्तिगै महिना लागायच्या आदल्या दिवशी सकाळी हळदी टबाच्या तळाशी आडवी झाली. कल्ले जरा वेळ हलत होते, मग थांबले. आप्पांनी तिला तळहातावर घेतलं. ती आता वजनाला काहीच नव्हती. मी म्हटलं, द्या, मी बघत्यें. ती त्यांनी मला ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. या वेळी मी रिक्षा केली आणि लॅब उघडण्याआधी पोचले. पोट उघडलं, आतड्याचा कण काचपट्टीवर घेतला, भिंगाखाली सरकवला.

सगळं हलत होतं. जिथे नजर जाईल तिथे शेपटीवाले बारीक जीव गिरक्या घेत, एकमेकांवर आपटत, धावत होते. शिकाऊ मुलीलाही दिसले असते. मी स्टुलावर बसले. बाहेर शटरवर कुणीतरी थापा मारत होतं, अक्का, अक्का म्हणत. मी उठले नाही. काचपट्टी सुकायला लागली आणि ते एकेक करून थांबत गेले. बरोब्बर सर म्हणाले होते तसे, कचऱ्यातून ओळखू न येण्यासारखे. मी ते शेवटपर्यंत बघितलं.

दुपारी घरी गेले. आप्पा दारातच होते, खांद्यावर टॉवेल. ‘कांहीं दिसलें?’ त्यांनी विचारलं. पहिली चूक घाईची होती, तिला निदान कामाचं निमित्त होतं. ही चूक मी थंड डोक्यानं केली. मला वाटलं, आता सांगून हळदी थोडीच परत येणार आहे? मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. खरं म्हणजे मला माझं वाईट वाटत होतं. तोवरच्या एकवीस वर्षांचं माझं नाव, दुसऱ्यांच्या डब्या परत करणारी माझी ऐट, ती त्यांच्यासमोर मोडायला मी तयार नव्हते. मी म्हटलं, ‘नाहीं.’

आप्पांनी टॉवेलनं हात पुसले. हात कोरडेच होते. ‘मग पाणीच,’ ते म्हणाले.

मला ते ऐकू आलं. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. टाकीतलं नारिंगी जोडपं ठणठणीत होतं, पाणी वाईट असतं तर ते कसं जगलं असतं, एवढं तरी बोलता आलं असतं. पण आप्पांनी त्याचंही उत्तर मनात तयार ठेवलेलं होतं: नाजूक जीवाला आधी कळतं. त्या आठवड्यात त्यांनी काटा नवा मागवला. जुना आणि नवा एकाच पिंपात सोडून बघितले. दोन्ही पंचवीस. मिठाची पिशवी बदलली, गाळणी बदलली, पिंप घासलं. मग एक दिवस त्यांनी सेल्वमला बोलावून जोडपं देऊन टाकलं. बादली बादली करून टाकी उपसली. समुद्र अंगणात ओतला, आणि त्या जागची तुळस पुढच्या महिन्यात वाळली. ‘माझा हात आतां स्थिर नाहीं,’ ते सेल्वमला म्हणाले. ‘माप चुकतें.’ सेल्वमनं माझ्याकडे बघितलं. मी कॉफी आणायला आत गेले.

माणूस एका विषयात चुकलो असं ठरवतो आणि हळूहळू सगळ्याच विषयांत तसं मानायला लागतो. आप्पांनी आधी गॅस पेटवणं सोडलं. मग बँकेत सही करताना मला जवळ बसवायला लागले. स्वतःची गोळी स्वतः घेण्याआधी मला दाखवू लागले, ‘हीच ना?’ लोक म्हणतात, वय झालं. वय झालंच होतं. पण ते वय त्यांना नेमकं त्या कार्तिगैत आलं, हे मला माहीत आहे, आणि ते मी आणलं, हेही. खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली. टाकी अजून तिथेच आहे, रिकामी. तिच्या काचेवर पाण्याची जुनी पातळी दाखवणारी मिठाची पांढरी रेघ आहे. कामवाली रोज पुसते, ती जात नाही.

हे सांगणं मी इतकी वर्षं पुढे ढकलत गेले. आज सांगू, उद्या सांगू, त्यांना बरं वाटू दे, पाऊस ओसरू दे. एका माशाची गोष्ट, असं स्वतःला समजवायचे. लॅबमध्ये मात्र हात आपोआप डबीवरची वेळ शोधायचा. मी लोकांच्या डब्या परत करत होते, आणि प्रत्येक डबीबरोबर मला वाटायचं की थोडी फेड झाली. ती फेड ज्या माणसाला पोचायला हवी होती तो माझ्याच घरात, माझ्याच हातचा भात चिवडत बसलेला होता.

यंदाच्या ऐप्पसीत आप्पांचं जेवण कमी झालं. गालफडं बसली, बनियन खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. मी तीन दिवस तीन नमुने बघितले. तिन्ही वेळा डबी हातात आल्याबरोबर, पावसात, छत्रीसुद्धा न उघडता लॅबकडे धावले. पद्मा म्हणाली, अक्का, हळू. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, त्यांचं ताट वाढलं, समोर बसले.

‘काय दिसलें?’ आप्पांनी विचारलं.

‘आढळलें नाहीं कांहीं,’ मी म्हटलं. ‘तीनही दिवस.’

त्यांनी रसम-भाताचा घास तसाच बोटांत धरला. ‘पूर्वीं तूं ‘कांहीं नाहीं’ म्हणायचीस,’ ते म्हणाले. त्यांना काही सुचवायचं नव्हतं. जुन्या मास्तराला शब्दातला फरक कळला, एवढंच. पण मला हुंदका आला, आणि आवरायला जावं तर आणखी आला. आप्पा गोंधळले. डावा हात लांब करून त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. ‘कांहीं नाहीं,’ ते म्हणाले. ‘कांहीं नाहीं, रमे.’

‘कांहीं नाहीं नव्हे, आप्पा,’ मी म्हटलं. ‘होते. हळदीच्या पोटांत होते. पहिलें मी शिळें पाहिलें. ती गेली त्या दिवशीं ताजें पाहिलें. तेव्हां दिसले. तुम्हांला मी खोटें सांगितलें.’

बाहेर पागोळ्या गळत होत्या. आप्पांनी घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता ते विचारतील, का. त्याचं उत्तर मी पाच वर्षं घोकत होते.

‘हालत होते?’ त्यांनी विचारलं.

‘हालत होते.’

‘पुष्कळ?’

‘पुष्कळ, आप्पा.’

ते टाकीकडे बघत राहिले. मिठाच्या रेघेवर त्यांची नजर इकडून तिकडे सरकली, पिंपाशी वाकून काटा वाचताना सरकायची तशी.

‘मग माझें पाणी बरोबर होतें,’ आप्पा म्हणाले.